हजेरीच्या कागदावरची चाळीस नावं

“तुझ्या सहीनं माझं काम गेलं, फिदेलिया,” एलोदिया म्हणाली. शाळेच्या फाटकाशी, दुपारच्या रणरणत्या उन्हात, सुटलेल्या पोरांच्या गलक्यात आणि अगदी साध्या आवाजात. भांडायच्या सुरात म्हणाली असती तर परवडलं असतं.

फिदेलिया मळ्यातून थेट आली होती. बाह्यांवर द्राक्षांवर मारलेल्या गंधकाची पिवळी भुकटी, डोक्याचा रुमाल अजून सोडलेला नाही. तिला आधी वाटलं, बाई थट्टा करतेय.

“माझ्या सहीनं? मी कुठं सही केली?”

“फेब्रुवारीत. तू आणि आणखी एकोणचाळीस जणींनी. कागद दाखवला मला मुख्याध्यापिकाबाईंनी. पुढच्या वर्षी पहिली-दुसरीच्या वर्गांत मी नाही. माझ्या जागी हेडफोन येणार आहेत. आणि इथं,” तिनं फाटकाच्या वर बोट दाखवलं, “सरकत्या अक्षरांची दिव्यांची पाटी.”

एवढं बोलून एलोदियानं यारेलीचा हात आईच्या हातात दिला, पोरीच्या गालावरून बोट फिरवलं आणि ती निघून गेली. साठीला टेकलेली बाई. पाठ ताठ, पण चाल रोजची नव्हती.

यारेली म्हणजे फिदेलियाची सहा वर्षांची मुलगी. बालवर्गात गेली तेव्हा पहिले चार महिने ही पोर शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. घरी चिमणीसारखी चिवचिवायची आणि वर्गात दगड. बाईंना वाटलं, मूल मुकं आहे. कानांची तपासणी झाली, जिभेची झाली, डोक्याची करायचंही ठरत होतं. तिच्या कागदावर ‘घरची भाषा’ या रकान्यात कचेरीतल्या मुलीनं स्पॅनिशवर खूण केली होती. मेक्सिकोहून आलेले म्हणजे स्पॅनिश, इतकं तिचं सरळ गणित. ओआहाकाच्या डोंगरातल्या माणसांच्या घरात मिस्तेको बोलतात, आणि मिस्तेको नि स्पॅनिश यांचं एकमेकींशी मामा-मावशीचंही नातं नाही, हे तिला कोण सांगणार? मग एक दिवस एलोदिया वर्गात आली. यारेलीच्या शेजारी खाली फरशीवर बसली आणि मिस्तेकोत म्हणाली, “काय गं, तुझी वेणी कुणी घातली? एक बाजू वर, एक खाली!”

“बाबांनी,” यारेली म्हणाली. मुक्या पोरीचा शाळेतला पहिला शब्द.

घरी इंग्रजी न बोलणाऱ्या प्रत्येक मुलामागं सरकार शाळेला वरचे पैसे देतं. अशी मुलं म्हणजे या गावात जवळजवळ सगळीच. त्या पैशांतून एलोदियासारखी बाई वर्गात उभी राहते; पोराचं बाईंना सांगते, बाईंचं पोराला सांगते. पैसे पोरांच्या नावानं येतात, आणि ते कशावर खर्चायचे हे त्या पोरांच्या आईबापांच्या समितीला विचारून ठरवायचं असा नियम आहे. त्या समितीची अध्यक्ष फिदेलियाच होती.

ती अध्यक्ष कशी झाली तीही एक गंमतच. सप्टेंबरच्या बैठकीत मुख्याध्यापिका मिसेस साल्सेदो यांनी विचारलं, “कोण होतं अध्यक्ष?” सगळ्या बाया आपापल्या चपलांकडं बघायला लागल्या. ओतिलियानं फिदेलियाला कोपरानं ढोसलं. फिदेलिया दचकून उठली आणि उठली म्हणजे निवडून आली.

पण तिनं ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या डोंगरातल्या गावात काम अंगावर आलं की नाही म्हणायची रीत नव्हती. गावसभा बोट दाखवील त्यानं वर्षभर बिनपगारी राबायचं. कुणी पाणी सोडायचं, कुणी देवळाची राखण करायची, कुणी भांडणं मिटवायची. तिचा बाप दोन वर्षं पाणीवाला होता. त्या दोन वर्षांत विकायच्या टोप्या विणायच्या राहिल्या आणि पोरं नुसत्या मिठाबरोबर टॉर्टिया खाऊन वाढली. तक्रार कुणी केली नाही. वर्ष संपलं की त्यानं सभेपुढं उभं राहून झाल्यागेल्याचा जाब द्यायचा, मग सुटका. फिदेलिया तिसरीतून शाळा सोडून टोप्या विणायला बसली, सतराव्या वर्षी टोमॅटोच्या शेतांत गेली, तिथं मुकादमाच्या शिव्या ऐकत स्पॅनिश शिकली, आणि लग्नानंतर कॅलिफोर्नियातल्या या द्राक्षांच्या सपाटीवर आली. सोळा वर्षं झाली. गाव मागं पडलं, पण गावाची शिस्त काही अंगातून गेली नाही.

आणि त्या शिस्तीनंच घात केला.

गावात सभेला आलं की आधी हजेरी. नाव नाही लागलं तर दंड, नाहीतर एक दिवस रस्त्याचं काम. फेब्रुवारीच्या बैठकीला नऊच जणी आल्या. छाटणी संपत आली होती, वेली तारांना बांधायच्या होत्या, दिवसाचा रोज कोण सोडणार? मिसेस साल्सेदोंनी गुलाबी खोक्यातले डोनट वाटले, अंधार करून भिंतीवर इंग्रजीतली पंचवीस-तीस चित्रं भराभर सरकवली, स्पॅनिशमध्ये “सगळं मुलांच्या भल्यासाठीच आहे” असं म्हणून “काही प्रश्न?” विचारलं. दिवा लावला आणि एक कागद फिरवला. वर इंग्रजीत दोन ओळी, खाली रेघा.

नऊ सह्या झाल्या. फिदेलियानं उरलेल्या रिकाम्या रेघा मोजल्या. अध्यक्ष ती, आणि तिच्या बायांची गैरहजेरी लागणार?

“बाई, कागद सोमवारी आणून दिला तर चालेल?”

“चालेल? अगं, तू देवमाणूस आहेस!” मिसेस साल्सेदो म्हणाल्या.

मग शनिवार-रविवार फिदेलिया दारोदार हिंडली. कुणाचे हात पिठात होते, ते पुसायला लावले. कुणी न्हाणीघरात होती, तिच्यासाठी दाराशी थांबली. आजारी होती तिच्या उशाशी पेन नेलं. “सही कर गं, नाहीतर गैरहजर लागशील,” एवढंच ती सांगत होती आणि एवढंच त्या ऐकत होत्या. कशाला म्हणून एकीनंही विचारलं नाही. हजेरीला कोण कारण विचारतं? सोमवारी चाळीसच्या चाळीस रेघा भरलेला कागद टेबलावर ठेवताना तिला बापाची आठवण आली होती. छाती भरून आली होती!

आता तीच छाती जळत होती. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाचा रोज बुडवला आणि ती शाळेत गेली.

“ये ना फिदेलिया, बस. कॉफी?” मिसेस साल्सेदोंचा आजोबाही याच मळ्यांत द्राक्षं तोडत होता, त्यांच्या खोलीत त्याचा फोटो होता, द्राक्षांच्या टोपलीसकट. लोकांना दाखवायला.

“एलोदियाबाईंना का काढलंत?”

“काढलं असं नको म्हणू. आपण पुढं जातोय. प्रत्येक मुलाला स्वतःचा हेडफोन, स्वतःचा संगणक. स्पॅनिशमधून इंग्रजी, मुलं आपोआप शिकतात.”

“माझ्या पोरीला स्पॅनिश येत नाही.”

“कागदावर तर आहे.”

“कागदावर तुमच्या माणसानं लिहिलंय.”

“हे बघ, मी काही मनानं केलेलं नाही. समितीनंच शिफारस केली.” बाईंनी फाइल उघडली आणि कागद पुढं सरकवला. फिदेलियानं आपलं नाव ओळखलं. सगळ्यांत वर, शाळकरी अक्षरात, रेघेला धरून काढलेलं.

“वर काय लिहिलंय?”

“तेच नेहमीचं.”

“वाचून दाखवा.”

बाईंनी चष्मा लावला. “खाली सह्या केलेल्या आम्ही पालकांनी ही योजना समजून घेतली असून तिला आमची संमती आहे.”

“ही हजेरी होती,” फिदेलिया म्हणाली.

“हजेरी आणि संमती एकाच कागदावर घेतो आम्ही. वेळ वाचतो.”

वेळ वाचतो! फिदेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या कॉफीच्या कपाला तिनं हात लावला नाही. लावला असता तर तो भिंतीवर गेला असता. चोर रात्री कुलूप तोडून येतो, त्याला निदान चोर म्हणता येतं. इथं तिनं स्वतःच्या हातानं चाळीस घरांची कुलपं उघडून दिली होती, आणि वर शाबासकी घेतली होती. पोरांच्या तोंडचा घास काढून त्याची पाटी करणार, तिच्यावर दिवे लावणार, आणि त्यावर लिहिणार काय, तर सुस्वागतम्!

“मला माझं नाव परत द्या,” ती म्हणाली.

मिसेस साल्सेदो हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाला हसतात तशा हसल्या. “आता फाइल वर गेली, फिदेलिया. जूनमध्ये शिक्षण मंडळासमोर मंजुरी. तुला काही म्हणायचं असेल तर तिथं ये. चिठ्ठी भरायची, तीन मिनिटं मिळतात. सगळ्यांना मिळतात.”

ही बातमी मळ्यात तिच्या आधी पोचली होती. घडांची विरळणी चालली होती, वेलींच्या एका बाजूनं फिदेलिया आणि दुसऱ्या बाजूनं ओतिलिया. ओतिलिया तिची कोमाद्रे, म्हणजे यारेलीची धर्ममाता. जन्मभराचं नातं, त्यामुळं जिभेला हाड नाही.

“काय अध्यक्षीणबाई,” पानांच्या पलीकडून आवाज आला, “आमच्या किडन्याही दिल्यात का लिहून कुठं?”

“कोमाद्रे, गप्प बस.”

“मी का गप्प बसू? तापानं फणफणले होते मी, तापात! उठवून सही घेतलीस. बाई म्हणे, गैरहजर लागशील. अगं, मेले असते तरी हजर लावली असतीस.”

दोन ओळी पलीकडं बाया हसल्या. फिदेलिया नाही हसली. तिच्या हातातली कात्री नको त्या घडावर चालली. भरलेला घड मातीत पडला.

“रविवारी सभा घेते,” ती म्हणाली. “कपडे धुतो त्या अंगणात. सगळ्यांना सांग. गावाच्या रीतीनं.”

ओतिलियाचं हसू थांबलं. गावाची रीत म्हणजे काय हे तिला सांगायला नको होतं.

रविवारी वाळत घातलेल्या चादरींमध्ये फिदेलिया उभी राहिली. हात पुढं बांधलेले, मान खाली नाही. बाप दोन वर्षांनी उभा राहिला होता तशी. एलोदिया मागं बाकावर बसली होती. तिला आणायला फिदेलिया स्वतः गेली होती.

“काम माझ्याकडं होतं. मी वाचलं नाही, विचारलं नाही, आणि तुमची नावं नेऊन दिली. चूक माझी. दंड सांगा.”

मग एक म्हातारी म्हणाली, “नावं तू नेलीस, तूच परत आण. हाच दंड.”

“देत नाहीत, मावशी. मागितलं.”

“एकटीनं मागितलंस ना,” एलोदिया पहिल्यांदाच बोलली. “रस्त्याचा दगड एकट्यानं उचलायचा असतो का? तिथं तीन मिनिटं प्रत्येकीला मिळतात. चिठ्ठी भरली की झालं. चाळीस सह्या असतील तर चाळीस चिठ्ठ्या होतील.”

“पण मला त्यांच्यापुढं स्पॅनिश नाही जमायची,” कुणीतरी म्हणालं. “जीभ अडकते.”

“मग आपली बोल,” फिदेलिया म्हणाली. “त्यांना बोलीचे पैसे मिळतात. ऐकू देत एकदा ती कशी असते.”

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सदतीस जणी मंडळाच्या सभागृहात येऊन बसल्या. दोघींची द्राक्षं भरायच्या कारखान्यात रात्रपाळी होती, एक बाळंत झाली होती. बऱ्याच जणी थेट कामावरून आल्या होत्या. गार हवेच्या त्या खोलीत गंधकाचा, घामाचा आणि मातीचा वास भरला. वरच्या लांब टेबलामागं मंडळाचे पाच जण; मध्ये अध्यक्ष, मिस्टर हॅलोरन. बोलायच्या जागेसमोर तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघून हॅलोरननी शेजारणीकडं पाहिलं. अशा सभेला एरवी दोन माणसं यायची, त्यातलं एक नुसतं उन्हातून गारव्याला बसायला.

पहिलं नाव फिदेलियाचं. हिरवा दिवा लागला. तिनं मिस्तेकोत सुरुवात केली.

स्पॅनिशचा दुभाषी तरुण होता. तो दोन वाक्यं ऐकून थबकला, कानाचं यंत्र दाबून पाहिलं, मग म्हणाला, “साहेब, ही स्पॅनिश नाही.”

“मग काय आहे?”

“माहीत नाही, साहेब.”

“आपल्याकडं हे समजणारं कुणी आहे का?” हॅलोरननी विचारलं.

एलोदिया उठली. साऱ्या जिल्ह्याच्या शाळांत तेवढी एकच. मंडळाचे वकील हॅलोरनच्या कानाशी लागले. मग हॅलोरन घसा साफ करून म्हणाले की विषय यांच्याच नोकरीचा असल्यामुळं यांना दुभाष्याचं काम करता येणार नाही, नियम तसा आहे.

फिदेलियानं ते स्पॅनिशमधून ऐकलं. म्हणजे ज्या बाईची गरज नाही असं ठरवायला बसलेत, तिच्यावाचून यांची सभाच अडली, आणि तरी तिला उठू देत नाहीत! तिला एकदम मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही.

“मग तसंच ऐका,” ती स्पॅनिशमध्ये म्हणाली आणि पुन्हा आपल्या बोलीत शिरली.

तिनं यारेलीचे चार मुके महिने सांगितले. कानांची तपासणी सांगितली. डोनट सांगितले, रिकाम्या रेघा सांगितल्या. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, आणि समोरचे पाच चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे नम्र राहिले, कारण काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. लाल दिवा लागला. ती खाली बसली.

दुसरी ओतिलिया. “मला ताप होता,” तिनं सुरुवात केली, आणि बाया खुदकन हसल्या. वरच्या पाच जणांनी, आपल्यालाच हसल्या की काय, म्हणून एकमेकांकडं पाहिलं. तिसरी, चौथी, पाचवी. कुणी तीन मिनिटं बोललं, कुणी अर्धं. एक नुसती रडली आणि लाल दिवा लागेपर्यंत हलली नाही. प्रत्येकीनं शेवटी एकच वाक्य म्हटलं, की मी हजर होते किंवा नव्हते, पण मी हो म्हटलेलं नाही. नवव्या बाईपर्यंत मंडळातले एक गृहस्थ कागदावर चौकोन काढायला लागले. अकराव्या बाईच्या वेळी टेबलाच्या टोकाच्या पांढऱ्या केसांच्या सभासद बाईला राहवेना.

“पण त्या म्हणताहेत तरी काय?” तिनं विचारलं. “असं किती वेळ आपण काही न समजता बसायचं?”

दुभाष्यानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. फिदेलिया जागेवरूनच म्हणाली, “पहिलीतली पोरं सहा तास बसतात, बाई. रोज.”

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगायला थोडा वेळ घेतला. मिसेस साल्सेदो भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी हातातला फोन उलटा केला.

चौदावी बाई बसल्यावर हॅलोरननी हात वर केला. वकिलांशी कुजबुज झाली, पांढऱ्या केसांच्या बाईशी झाली. मग त्यांनी जाहीर केलं की पालकांच्या भावना मंडळापर्यंत पोचल्या आहेत, पाटीचा विषय मागं घेत आहोत, आणि श्रीमती एलोदिया यांचं काम येत्या एका वर्षासाठी चालू राहील.

मिसेस साल्सेदोंनी टाळ्या वाजवल्या. दोन-चार बायांनीही वाजवल्या. ओतिलियानं फिदेलियाच्या मांडीवर थाप मारली. एलोदियानं डोळे मिटून घेतले.

फिदेलिया उठून पुढं गेली. चिठ्ठी नव्हती, दिवा लागला नव्हता. “तो कागद?”

“कागदाचं आम्ही बघू,” हॅलोरन म्हणाले.

“नुसतं ‘बघू’ नको. लिहा. त्या चाळीस सह्या हजेरीच्या आहेत, संमतीच्या नाहीत. लिहा आणि वाचून दाखवा.”

“बाई, तुमचं काम तर झालं ना?”

“वाचून दाखवा.”

वकिलांनी खांदे उडवले. चिटणीस मुलीनं लिहिलं, वाचलं. दुभाष्यानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. एलोदियानं, आता कुणाची परवानगी न विचारता, मागं वळून बायांना मिस्तेकोत सांगितलं. कुणी तिला थांबवलं नाही.

“छान,” हॅलोरन घड्याळाकडं बघत हसले. “आता उरलेल्या भगिनींनी थांबायची गरज नाही. दिवसभराच्या दमलेल्या असाल. घरी जा, पोरं वाट बघत असतील.”

घरी जा! फिदेलिया तिथंच उभी राहिली. एका वर्षासाठी, म्हणे. एका वर्षानं यारेली पुढच्या वर्गात जाईल, तिच्या मागून दुसऱ्या कुणाची पोर येईल, भिंतीकडं तोंड करून बसेल, तिचे कान तपासतील. आणि कुठल्या तरी भल्या, शिस्तीच्या बाईपुढं गुलाबी खोकं येईल. आपलंच, आपल्याच पोरांच्या नावानं आलेलं, मागून घ्यायला कामावरून यावं लागलं, आणि द्यायचं तर तेही वर्षाच्या मापानं, उपकाराच्या स्वरात. तिला आभार मानायला कुणी सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं सांगता येत नाही.

बाया पिशव्या आवरू लागल्या होत्या. ती त्यांच्याकडं वळली.

“बसा,” ती मिस्तेकोत म्हणाली. मग टेबलाकडं वळून स्पॅनिशमध्ये, “तेवीस जणी राहिल्यात.”

“पण विषय तर संपला.”

“चिठ्ठ्या भरल्यात. तीन मिनिटं सगळ्यांना मिळतात, असं मला सांगितलंय.”

हॅलोरननी वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि मिटलं. खिडकीबाहेर अजून लख्ख उन्ह होतं. चिटणीस मुलीनं गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उचलली, त्यावरचं नाव दोनदा चुकीचं वाचलं आणि तिसऱ्यांदा बरोबर वाचलं. कारखान्याच्या दिवसपाळीवरून आलेली, निळा झगा घातलेली एक बाई बाकांमधून वाट काढत पुढं आली. हिरवा दिवा लागला.